डिझाइन शिकलेलं नसताना व्यवसायाचं पोस्टर स्वतः कसं बनवावं?

डिझायनरला द्यायला पैसे नाहीत आणि स्वतःला चित्रकला येत नाही, ही तुमची अडचण. पोस्टरला चित्रकला फारशी लागतच नाही. लागतं ते गाळण्याचं धाडस.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक वाक्य लिहा : हे पोस्टर बघून माणसाने काय करावं? फोन करावा, दुकानात यावं की नुसतं नाव लक्षात ठेवावं? तिन्ही हवं असेल तर तीन पोस्टरं करा. मालकाला रिकामी जागा दिसली की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. मग तिथे सेवांची यादी येते, स्थापना वर्ष येतं, कोपऱ्यात 'आम्हाला संधी द्या' येतं. जाणारा माणूस यातलं काहीच वाचत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत लुसियन बर्नहार्ड याने काडेपेटीच्या एका कंपनीचं पोस्टर केलं : दोन मोठ्या काड्या आणि कंपनीचं नाव, बस्स. ते आजही डिझाइनच्या वर्गात दाखवतात.

मोठा मथळा एक, चित्र एक, संपर्क एक. फॉन्ट दोनच्या वर नकोत, आणि देवनागरीत ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जरा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट मोफत मिळतात आणि चांगले आहेत. अक्षराच्या आकाराचा ढोबळ हिशेब असा : दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर साधारण एक इंच उंच हवं. रंगांबद्दल लोक उगाच डोकं शिणवतात. पोस्टर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. तरीही मथळा उठून दिसला तर रंगसंगती चालेल.

खरा घोळ होतो तो छपाईला देताना. कॅनव्हा किंवा इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरपैकी कशातही करा, पण ए-फोर आकार 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचात 300 ठिपके धरून छापायचा तर चित्र 2480 बाय 3508 पिक्सेलचं लागतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कागद कापताना उडणारी जादा पट्टी, सोडा आणि मजकूर कडेपासून आत ठेवा. फॉन्टचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करून द्या, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं मोडू शकतात. स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा पोपटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत मळकट होतो, त्यामुळे छापील प्रूफ (नमुना प्रत) बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रूफ हातात आलं की पोस्टर न पाहिलेल्या कुणाला तरी ते दोन-तीन सेकंद दाखवून झाका आणि काय कळलं ते विचारा. व्यवसाय कशाचा, एवढंही सांगता आलं नाही तर आणखी गाळा. नंबर वाचून तपासू नका, त्यावर फोन लावून बघा. क्यूआर कोडही त्या छापील कागदावरूनच स्कॅन करा, जिथे पोस्टर लागणार तिथल्या उजेडात आणि तेवढ्याच अंतरावरून.