अंदमानला गरवायला निघालीस म्हणून

प्रिय पोरी,

तिकिटं काढलीस हे कळलं. मालवणच्या समुद्रात तू सुरमई छान खेळवतेस, पण नेमकी तीच सवय तिकडे नडेल. सुरमई उघड्या पाण्यात पळते. शंभर मीटर दोरी दिली तरी बिघडत नाही, दमली की येते. तिकडचा जायंट ट्रेव्हॅली मासा आपल्या कोकरांच्याच जातकुळीतला, पण पॉपरवर, म्हणजे पाण्यावर उडवत आणायच्या खोट्या आमिषावर, तोंड मारलं की तो तडक खडकाकडे वळतो. वीसेक मीटर मिळाले की दोरी प्रवाळाला घासलीच. म्हणून झुंजीचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या काही सेकंदांतच लागतो, आणि तेव्हा दंडातली ताकद कमी, आदल्या रात्रीची तयारी जास्त उपयोगी पडते.

पीई ८ जाडीची ब्रेड, म्हणजे रीलवरची विणलेली दोरी, आणि आमिषाकडचा साधारण ७० किलो ताण सोसणारा नायलॉनचा तुकडा, म्हणजे लीडर, हे दोन्ही ‘एफजी’ नावाच्या गाठीनं जोड. ही गाठ बारीक असते, रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही. हातमोजे घालून जोरात ताण. ब्रेडचा रंग गडद दिसला म्हणजे ती नायलॉनमध्ये रुतली. घसरली तर कापून टाक, पुन्हा बांध. टेबलावर सगळ्यांनाच जमते, हलत्या होडीत जमेपर्यंत सराव कर.

ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना रील धरतं तो ब्रेक, बोटांच्या अंदाजानं लावू नकोस. दोरीला ताणकाटा अडकवून मोज. तुला सुरुवातीला १० किलो पुरेत. व्हिडिओतले वीर १५-२० किलो सांगतात. सांगू देत, कठड्यावरून पाण्यात तू जाशील, ते नाही. रॉडचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात, गुडघे वाकलेले, आणि रॉड फार उभा करायचा नाही, मोडतो. मासा लागल्यावर बोट खडकापासून दूर काढणं तांडेलाचं काम, तेव्हा तो ओरडेल तसं वाग. एरवी वाद घालतेस तसा घालू नकोस!

बॅरन बेटाकडे गेलात तर जिगवर, म्हणजे खोल सोडायच्या धातूच्या जड आमिषावर, डॉगटूथ ट्यूना लागू शकतो. तो सरळ खाली जातो. तिथे झुंज लांबवणं म्हणजे मोरीला, शार्कला, ताट वाढून देणं. वर नुसतं डोकं येतं. जाड सामान घेण्याचं हेही एक कारण.

गरीचं उलटं टोक पकडीनं दाबून सपाट कर. मासा पोटाखाली हात देऊन धर, एक फोटो, आणि लगेच पाण्यात. खोलातून ओढलेल्या हेकरूचं, म्हणजे ग्रूपरचं, मात्र तसं नाही. वाताशय फुगून जठर तोंडातून बाहेर येतं आणि तो आपला आपण खाली जाऊ शकत नाही. वजन लावून परत खोलात सोडायची सोय बोटीवर नसेल, तर तळाशी जिग टाकूच नकोस. कालवणाचा मोहही नको. प्रवाळावरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं आणि ते शिजवून जात नाही.

पैसे भरण्याआधी बोटवाल्याचा परवाना बघ. वंडूरचं महात्मा गांधी आणि रिचीज द्वीपसमूहातलं राणी झाशी, ही दोन्ही सागरी राष्ट्रीय उद्यानं आहेत. तिथे गरी टाकायची नाही, कोणी कितीही ‘चालतं हो’ म्हणालं तरी.

रील कुठलं घेऊ, विचारलं होतंस. घेऊ नकोस. बोटीवर भाड्यानं मिळतंय का विचार, आणि वाचलेल्या पैशांत कोरी दोरी भर.