येशू म्हणजे माणसाच्या रूपात वावरलेला देवच ना? मग भूक, भीती हे सगळं खरं कसं?

नाही, 'रूपात वावरलेला' एवढ्यावर ख्रिस्ती माणूस थांबत नाही. दांडिया बाजारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना राम-कृष्ण आधी आठवतात, म्हणून हा प्रश्न वडोदऱ्यात हमखास निघतो.

ख्रिस्ती लोकांचं म्हणणं असं की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच वेळी. इ.स. ४५१ च्या खाल्किदोनच्या धर्मपरिषदेने हेच ठरवलं. त्याआधी अपोलिनारिस नावाच्या बिशपने मधला मार्ग काढला होता: शरीर माणसाचं, पण मनाच्या जागी देव. वरवर सोयीचं वाटतं! पण ३८१ मध्ये ते नाकारलं गेलं. कारण नाझियान्झसचा ग्रेगरी या त्या काळच्या धर्मपंडिताने दिलं: देवाने माणसाचं जे स्वीकारलंच नाही, ते बरंही झालं नाही. मनच घेतलं नसेल, तर माणसाच्या मनाचं काय?

म्हणून लाजर या मित्राच्या थडग्यापाशी येशू रडला, अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत घाबरला, हे नाटक नव्हे. उलट शेवटचा दिवस कधी येणार हे पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही, असं तो मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या त्याच्या चरित्रात) म्हणतो. त्यावर मात्र धर्मपंडित आजही डोकं खाजवतात. आणि हे माणूसपण तात्पुरतं नाही. पुनरुत्थानानंतरही तो देहासकट स्वर्गात गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे.