वाचकांचे प्रश्न : भाकरी, चादर आणि साखर यांतले ग्लुकोज

या महिन्यात सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बरीच पत्रे सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या एकाच विषयाभोवती फिरणारी होती. सजीवांतले मोठे रेणू कोणत्या लहान रेणूंपासून बनतात आणि ते जोडण्याची तऱ्हा बदलली की काय बदलते, हा तो विषय. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात, असे पुस्तकात आहे. मग ज्वारी आपल्याला पचते आणि कापूस का पचत नाही?
– बारावी विज्ञान, सोलापूर

दोन्हींत ग्लुकोज तोच, कणभरही फरक नाही. फरक आहे तो जोडणीत. पाण्यात ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळ सहा अणूंच्या कड्याच्या रूपात असतो. या कड्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट, पुस्तकातल्या नेहमीच्या आकृतीत, खाली असेल तर अल्फा आणि वर असेल तर बीटा. एका ग्लुकोजचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनला जोडला जातो तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि ही खाली-वर स्थिती कायमची पक्की होते.

अल्फा जोडणीत साखळीला प्रत्येक कड्यापाशी किंचित वळण मिळते. त्यामुळे स्टार्चमधला अमायलोज हा घटक जिन्यासारखा गोल फिरत जातो, एका फेऱ्यात साधारण सहा ग्लुकोज. बीटा जोडणीत प्रत्येक पुढचे कडे उलटे बसते, म्हणून साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी लागतात, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात आणि त्यांच्यात पाणी शिरायला जागाच उरत नाही. कापसाच्या तंतूत ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेच सेल्युलोज असते.

आपल्या लाळेतले आणि स्वादुपिंडातले अमायलेज हे विकर (एन्झाइम) फक्त अल्फा बंध ओळखते. सेल्युलोजमधले बीटा बंध तोडणारे विकर आपल्या शरीरात तयारच होत नाही. याचे उत्तम उदाहरण ज्वारीच्या ताटातच आहे. कणसातले दाणे आपण खातो आणि कडबा जनावरांना घालतो. बैलाचे स्वतःचे शरीरही सेल्युलोज तोडणारे विकर बनवत नाही. ते काम त्याच्या पोटाच्या रुमेन या पहिल्या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव करतात.

टॉवेल रंगवून आले की मधेच फिकट पट्टे दिसतात. प्रोसेसवाले म्हणतात खळ नीट निघाली नाही. हे आम्हाला स्वतः तपासता येईल का?
– यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

येईल, आणि दोन मिनिटांत. ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये, म्हणजे विणण्यापूर्वी, दिलेली खळ बहुतेक वेळा स्टार्चची असते. वरच्या उत्तरातल्या त्या वळणाच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसते आणि गडद निळा रंग येतो. सेल्युलोजच्या सरळ साखळीत अशी पोकळी नसते, म्हणून खळ पूर्ण निघालेले सुती कापड नुसते पिवळट डागते.

द्रावण असे करा. २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड ५ ते १० मिलि पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि मगच पाणी घालून ३०० मिलि करा. क्रम महत्त्वाचा आहे. आयोडीन नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आयोडाइडबरोबरच विरघळते. हे द्रावण तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा.

रंगाईपूर्वीच्या कापडाचा तुकडा साध्या पाण्यात खळबळून, पिळून घ्या आणि त्यावर दोन थेंब टाकून मिनिटभर थांबा. निळा-काळा डाग म्हणजे खळ तशीच आहे. जांभळा किंवा तांबूस म्हणजे स्टार्चच्या साखळ्या तुटून आखूड झाल्या, पण धुतल्या गेल्या नाहीत. पिवळा म्हणजे काम झाले. एकाच जागी न तपासता दोन्ही काठ, मध्य आणि ताग्याची दोन्ही टोके तपासा, कारण पट्टे पडतात ते खळ सगळीकडे सारखी न निघाल्यामुळेच.

चाचणी फसते ती तीन कारणांनी. कापडात कॉस्टिक किंवा सोडा राहिला असेल तर आयोडीनचा रंगच उडतो आणि खळ असूनही डाग दिसत नाही. कापड गरम असेल तरीही निळा रंग नाहीसा होतो, थंड झाल्यावर परत येतो. तिसरे कारण म्हणजे सायझिंगमध्ये पीव्हीए (पॉलिव्हिनिल अल्कोहोल) वापरले असेल तर त्याचाही आयोडीनशी रंग येऊ शकतो. पीव्हीए हे स्टार्च नव्हे, त्यावर अमायलेजचा काहीही परिणाम होत नाही, ते ८०–९० अंशांच्या गरम पाण्यानेच काढावे लागते. म्हणून सायझिंगवाल्याकडून रेसिपी आधी विचारून घ्या.

स्टार्चच असेल तर अमायलेजने खळ काढणे आम्हाला सर्वांत योग्य वाटते. नेहमीचे जिवाणूजन्य विकर सामू ६ ते ७ आणि तापमान ६० ते ७० अंश यांत चांगले चालते. जास्त तापमान सहन करणारी विकरेही मिळतात, त्यामुळे मात्रा आणि तापमान डब्यावरच्या सूचनेप्रमाणेच ठेवा. आधीच्या लॉटचे अल्कलीयुक्त पाणी टाकीत राहिले की विकर निकामी होते आणि दोष मात्र विकराच्या कंपनीवर जातो. शेवटी ८५ अंशांच्या वर गरम धुलाई हवीच, नाहीतर तुटलेले तुकडे पुन्हा कापडावर बसतात. काही ठिकाणी आम्लाने खळ काढतात. ते स्वस्त पडते, पण आम्ल अल्फा आणि बीटा असा भेद करत नाही. खळीबरोबर कापूसही थोडा तुटतो आणि टॉवेलची ताकद कमी होते.

साखरेच्या द्रावणाला बेनेडिक्ट चाचणी येत नाही, हे ठीक. पण आम्लात उकळल्यावर यायला हवी, तरी आमच्याकडे रंग निळाच राहतो. गूळ मात्र लगेच विटकरी रंग देतो.
– विज्ञान शिक्षक, बार्शी

तुमचे आम्ल शिल्लक राहत आहे. बेनेडिक्ट द्रावण, म्हणजे ग्लुकोजसारख्या क्षपण करणाऱ्या शर्करा ओळखणारे मोरचुदाचे निळे द्रावण, अल्कधर्मी असेल तरच काम करते. न मारलेले आम्ल त्यातला सोडियम कार्बोनेट खाऊन टाकते.

१ टक्का साखरेचे ५ मिलि द्रावण घ्या, त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ मिलि घाला आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात परीक्षानळी पाच मिनिटे धरा. थंड करा. आता खाण्याचा सोडा चिमूट चिमूट घालत राहा, फसफसणे पूर्ण थांबेपर्यंत. हीच पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. मग दुसऱ्या नळीत ५ मिलि बेनेडिक्ट घेऊन त्यात या द्रावणाचे फक्त आठ थेंब टाका आणि उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे ठेवा. नुसते कोमट करून भागत नाही.

बेनेडिक्ट जुने असेल तर नवे करा. १०० मिलिसाठी सोडियम सायट्रेट १७.३ ग्रॅम आणि निर्जल सोडियम कार्बोनेट १० ग्रॅम सुमारे ८० मिलि गरम पाण्यात विरघळवून गाळा. मोरचूद १.७३ ग्रॅम वेगळ्या १० मिलि पाण्यात विरघळवा, ते पहिल्या द्रावणात ढवळत ढवळत घाला आणि पाण्याने १०० मिलि करा. मोरचूद थेट कार्बोनेटमध्ये टाकले की साका बसतो.

आता कारण. साखरेत ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांना जोडलेले असतात. कडे उघडून तांब्याला क्षपित करणारी जागा दोघांचीही नेमकी तीच, त्यामुळे दोन्ही दारे बंद. आम्लाने बंध तुटला की दोन्ही मोकळी होतात. गुळात हे तुटणे कढईतच झालेले असते, कारण उसाचा रस मुळातच थोडा आंबट असतो, सामू साधारण ५ ते ५.५, आणि तो तासन्‌तास उकळतो.

ऊस तोडल्यावर फडात पडून राहिला की तेच घडते, उसातल्याच इन्व्हर्टेज या विकरामुळे. साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, ते स्फटिक बनून हाती येत नाही आणि साखरेचा उतारा घटतो. शिवाय कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जिवाणू शिरतात. ते साखरेतल्या ग्लुकोजची डेक्स्ट्रान नावाची चिकट साखळी करतात, पहिला कार्बन सहाव्याला जोडून. तिने रस घट्ट होतो आणि गाळायला त्रास देतो. मार्चनंतरच्या सोलापुरी उन्हात हे फार वेगाने होते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, हा आग्रह त्यासाठीच.

ताज्या मालदांडी ज्वारीच्या पिठाची भाकरी छान थापली जाते, महिनाभर ठेवलेल्या पिठाची चिरते. पिठाची विरी जाते म्हणजे नेमके काय होते?
– गृहिणी, मंगळवेढा

गव्हातल्यासारखे ताणले जाणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. ज्वारीचे मुख्य प्रथिन काफिरिन हे पाण्यापासून दूर राहणारे आहे, मळून त्याचे जाळे होत नाही. भाकरी एकसंध राहते ती स्टार्चच्या चिकटपणावर, आणि ज्वारीचे स्टार्च साधारण ७० अंशांच्या आसपास फुगते. म्हणून उकळते पाणी.

दाण्यात सुमारे तीन टक्के तेल असते, बरेचसे अंकुरात. दळल्यावर ते पिठात सगळीकडे पसरते आणि लायपेज विकर त्यातून मेदाम्ले सोडवू लागते. ही लांब मेदाम्ले अमायलोजच्या त्याच वळणाच्या पोकळीत बसतात जिथे आयोडीन बसते. पोकळी अडली की स्टार्च कमी फुगते. पुढे याच मेदाम्लांचा हवेशी संयोग होऊन पीठ कडवट लागते.

आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणणे हा खरा उपाय. जास्त असेल तर घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. विरी गेलेल्या २०० ग्रॅम पिठाला निम्म्याहून जास्त पाणी खळखळ उकळते घालून, झाकून पाच मिनिटे उकड येऊ द्या, मग लागेल तसे कोमट पाणी घेत एकूण १६० ते १८० मिलिपर्यंत मळा. भाकरी थापता येईल. कडवटपणा मात्र जाणार नाही.

शेंगाचटणी खवट का होते, असेही याच पत्रात विचारले आहे. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असते, आणि त्यातल्या लिनोलिक आम्लातल्या दुहेरी बंधांपाशी ऑक्सिजन शिरकाव करतो. उजेड, उष्णता आणि लोखंड-तांब्याचा स्पर्श ही क्रिया वाढवतात. लोखंडी उखळात कुटायला हरकत नाही, ठेवायला काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा घ्या आणि ओला चमचा घालू नका.

तूरडाळीच्या वरणाच्या पाण्याला बाययुरेट चाचणीत जांभळा रंग येत नाही. डाळीत प्रथिने नाहीत का?
– नववी, मोहोळ

भरपूर आहेत, पण डाळीची बरीच प्रथिने साध्या पाण्यात विरघळत नाहीत आणि शिजल्यावर गोठतात. कच्च्या डाळीचे १० ग्रॅम पीठ ५ टक्के मिठाच्या ५० मिलि पाण्यात अर्धा तास ढवळा आणि गाळा. गाळलेले २ मिलि, १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड २ मिलि, आणि मोरचुदाच्या १ टक्का द्रावणाचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाहीत. जास्त मोरचूद पडले की निळा साका जांभळा रंग झाकून टाकतो. रंग अमिनो आम्ले एकमेकांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधांमुळे येतो, किमान दोन लागतात, त्यामुळे सुट्या अमिनो आम्लाला ही चाचणी येत नाही. हायड्रॉक्साइड कातडी भाजते, शिक्षकांसमोरच वापरा.

शाळेत केळ्यातून डीएनए काढतो, सॅनिटायझर घातल्यावर पांढरा लगदा वर येतो. तो डीएनएच असतो ना?
– शिक्षिका, पंढरपूर

थोडा असतो, बाकी बराचसा दुसराच माल. केळ्यात पेक्टिन हे चिकट कर्बोदक पुष्कळ असते आणि तेही अल्कोहोलमध्ये पांढरे होऊन बाहेर पडते. जेल सॅनिटायझर घातले असेल तर त्यातला घट्ट करणारा पदार्थही मिठाच्या संपर्कात गुठळ्या धरतो. कांदा घ्या, सोलापूरच्या बाजारात त्याला तोटा नाही.

१०० ग्रॅम बारीक चिरलेला कांदा, १०० मिलि पाणी, एक चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचे द्रव साबण एकत्र करून ६० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवा. साबण पेशीपटलातला मेद विरघळवतो आणि ही उष्णता डीएनए चिरणारी विकरे मंदावते. लगेच बर्फात पाच मिनिटे गार करा, मिक्सरमध्ये फक्त पाच सेकंद फिरवा आणि फडक्यातून न पिळता गाळा. नळीत १० मिलि रस घेऊन कडेने तितकेच बर्फासारखे थंड आयसोप्रोपिल अल्कोहोल सावकाश ओता, थर मिसळू देऊ नका.

डीएनए ही न्यूक्लिओटाइड नावाच्या लहान रेणूंची साखळी. तिच्यातले फॉस्फेट गट ऋणभारित असतात, मिठातले सोडियम तो भार झाकते, म्हणून अल्कोहोलच्या थरात डीएनए विरघळून राहू शकत नाही. काचेच्या कांडीवर गुंडाळता येतील असे लांब धागे आले तर त्यात डीएनए आहे, सोबत थोडे आरएनए आणि प्रथिनही असेल. नुसता भुसभुशीत लगदा आला तर मिक्सर जास्त फिरला आणि धागे तुटले, किंवा पेक्टिन आले, असे समजावे.