दोन ऑफर, एक सही

प्रश्न: मॅडम, नमस्कार. माझं वय २७, एटीआरवर (छोट्या, पंख्याच्या विमानावर) फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक आहे, एकूण १,९०० तास उडून झालेत. गेले सहा महिने सगळीकडे अर्ज करत होतो आणि आता एकदम तीन ठिकाणांहून उत्तर आलंय. पहिली नवीन वाढती एअरलाइन, विमान एटीआरच, बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते गाव) घराजवळ, आणि दीड वर्षात कमांड, म्हणजे कॅप्टनपद, देऊ असं इंटरव्ह्यूत तोंडी सांगितलंय. दुसरी मोठी जुनी एअरलाइन, ए३२० या जेटवर फर्स्ट ऑफिसर, पगार पहिलीपेक्षा थोडा कमी, टाइप रेटिंगचा (त्या विमानासाठी लागणाऱ्या ट्रेनिंगचा आणि परवान्याचा) खर्च त्यांचा पण तीन वर्षांचा बॉण्ड, म्हणजे आधी सोडलं तर पैसे भरायचे, आणि बेस घरापासून विमानाने दोन तास. तिसरी लांब पल्ल्याची, मोठ्या विमानावर सेकंड ऑफिसर, पगार सगळ्यात जास्त, पण जॉइनिंगची तारीख नाही, 'तुम्ही पूलमध्ये आहात', म्हणजे प्रतीक्षायादीत, एवढंच. घरचे म्हणतात पगार बघ, मित्र म्हणतात जेट सोडू नकोस. दुसरीला आठ दिवसांत कळवायचंय. काय करू?

उत्तर: आधी तिसरी बाजूला ठेव. ज्या पत्रात ट्रेनिंग कधी सुरू होणार ती तारीख नाही ते ऑफर लेटर नाहीच, ती फक्त इच्छा आहे, आणि धंदा मंदावला की एअरलाइन सगळ्यात आधी पूल गोठवते कारण त्यात तिचा काही खर्च नसतो. नाव काढून घेऊ नको, राहू दे. पण त्या भरवशावर हातातलं सोडायचं नाही. शिवाय सेकंड ऑफिसर म्हणजे बऱ्याच ठिकाणी फक्त क्रूझमध्ये सीटवर बसणं, टेकऑफ-लँडिंग वाट्याला येत नाही, ती सिममध्येच (सिम्युलेटरमध्ये) करायची. २७व्या वर्षी, हात तयार होत असताना, दोन-तीन वर्षं विमान प्रत्यक्ष उतरवायलाच मिळालं नाही तर ते मला तरी नको वाटतं.

आता राहिल्या दोन. तू पगार, विमान आणि बेस लिहिलंस, पण एक गोष्ट लिहिलीच नाहीस, ती म्हणजे सिनिऑरिटी. जॉइनिंगच्या तारखेने लागणाऱ्या पायलटांच्या यादीत तुझा नंबर काय असेल, आणि त्या एअरलाइनमध्ये त्या नंबराने नक्की काय काय ठरतं?

माझंच सांगते. ट्रेनिंगमधली माझी मैत्रीण आणि मी, दोघींना एकाच एअरलाइनचं बोलावणं एकाच आठवड्यात आलं. ती लगेच रुजू झाली. मला दुसरीकडून थोड्या जास्त पगाराची आशा होती म्हणून मी तीन महिने चालढकल केली, ती दुसरी नोकरी काही आली नाही, मग मी गेले. मधल्या काळात शंभरावर लोक आमच्या दोघींच्या मधे येऊन बसले होते. दोन वर्षांनी मंदी आली, कपात यादीच्या खालून सुरू झाली, आणि कपातीची रेघ आमच्या दोघींच्या मधून गेली. ती उडत राहिली, मी १४ महिने घरी. परत घेतलं, सगळं नीट झालं, पण ती तीन महिन्यांची उशिरा केलेली सही मला बेस, सुट्ट्या, कमांड सगळ्यात रिटायर होईपर्यंत नडली. विमान बदलता येतं, पगार वाढतो, जॉइनिंगची तारीख मात्र एकदा पडली की पडली.

पण थांब, हे सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेत आणि युरोपातल्या जुन्या एअरलाइन्समध्ये जवळजवळ सगळं नंबरावर चालतं, रोस्टरचं बिडिंग (महिन्याच्या ड्युट्यांसाठी आपली पसंती लावणं), बेस, रजा, कुठलं विमान, कमांड कधी. एका एअरलाइनचा १५,००० तासांचा कॅप्टन दुसरीकडे गेला तर बहुतेक ठिकाणी यादीच्या तळाला फर्स्ट ऑफिसर म्हणून बसतो. याउलट आशियातल्या आणि आखातातल्या कित्येक कंपन्यांत रोस्टर कॉम्प्युटर वाटतो, बिडिंग नावापुरतं, आणि कमांडच्या वेळी तास, ट्रेनिंग रेकॉर्ड, मॅनेजमेंटचं मत हे सगळं येतं. तुझी दुसरी कंपनी कुठल्या गटातली हे तिथे लाइनवर, म्हणजे रोजच्या प्रवासी उड्डाणांवर, उडणाऱ्या दोन-तीन फर्स्ट ऑफिसरांना विचार, एचआरला नाही. असं विचार: गेल्या सहा महिन्यांत तू मागितलेली किती सुट्टी मिळाली, तुझ्या महिनाभर आधी जॉइन झालेल्याला तुझ्यापेक्षा काय जास्त मिळतं. उत्तर आलं की 'काहीच नाही', तर माझं वरचं सगळं पुराण अर्धं करून वाच.

कमांडबद्दल. 'दीड वर्षात' हे तोंडी आहे, आणि ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, त्यांना आज तसंच वाटत असेल. पण कमांड तासांनी मिळत नाही, जागा निघाली की मिळते, आणि जागा दोनच गोष्टींनी निघते, नवीन विमानं आली की किंवा वरचे गेले की. विमानांची ऑर्डर म्हणजे विमान नाही, डिलिव्हरी लांबतात, आलेली विमानंसुद्धा जमिनीवर बसतात. ७३७ मॅक्स मार्च २०१९मध्ये जगभर थांबलं आणि अमेरिकेत परत परवानगी मिळायला नोव्हेंबर २०२० उजाडला, आणि २०२३पासून ए३२० निओच्या एका इंजिनातल्या दोषामुळे कित्येक विमानं तपासणीसाठी उभी राहिली. एकाच प्रकारच्या विमानावर चालणाऱ्या कंपनीत असं झालं की सगळ्यांचं अपग्रेड एकदम थांबतं. म्हणून विचारायचं हे की गेल्या वर्षी खरंच किती जणांना कमांड मिळाली आणि त्यातल्या शेवटच्याची जॉइनिंगची तारीख काय होती. भविष्य नको, झालेलं सांगा म्हणावं.

एटीआरला मात्र कमी लेखू नको, मित्रांना हे सांग. दिवसाला चार-सहा सेक्टर (उड्डाणं), २५,००० फुटांच्या खालचंच सगळं हवामान, छोट्या धावपट्ट्या, यात जो पायलट तयार होतो तो कुठेही चालतो, आणि कॅप्टन म्हणून केलेले तास हे कमांडचेच तास. फक्त एक तपासून घे, पुढे जिथे जायचंय त्या एअरलाइन्स जाहिरातीत कुठले तास मोजतात, कारण काही ठिकाणी ठराविक टनांच्या वरच्या विमानाचे किंवा फक्त जेटचेच तास धरतात आणि एटीआर ७२ साधारण २३ टनांचं आहे. ए३२०चं रेटिंग ए३१९ आणि ए३२१लाही चालतं आणि पुढे ए३३०, ए३५०कडे जायला छोटा कोर्स पुरतो, हा दुसऱ्या ऑफरचा खरा फायदा. 'जेट' या शब्दाची हौस मी धरत नाही.

पगार. महिन्याचा आकडा बघू नको, तो बनतो कसा ते बघ. ताशी दर किती, उडालो नाही तरी किती तासांचे पैसे पक्के, ट्रेनिंगच्या महिन्यांत काय देतात, प्रवासी म्हणून दुसऱ्या बेसला नेतात तेव्हा ते तास धरतात का. एकीकडे ७० तास पक्के आणि दुसरीकडे ५०, पण दर दुसरीकडे चढा, असं असेल तर चांगल्या महिन्यात चढ्या दराची पुढे आणि विमानं उभी राहिली की ७० तासांची पुढे. आणि पहिल्या वर्षाची तुलना करूच नको, पाचव्या वर्षाची कर, एकदा फर्स्ट ऑफिसरच राहिलास असं धरून आणि एकदा कमांड मिळाली असं धरून. बहुतेक वेळा निकाल इथेच उलटतो.

आता बेस, यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण नोकरी सोडणाऱ्यांचं खरं कारण मी पाहिलंय ते बहुतेक वेळा हेच, पगार नाही. नवीन माणूस पहिले बरेच महिने स्टँडबायवर असतो, फोन आला की दोन तासांत, काही ठिकाणी त्याहून लवकर हजर व्हायचं. म्हणजे बेसच्या गावातच राहायला हवं. 'घर इथेच ठेवतो आणि ये-जा करतो' असं सगळे म्हणतात आणि मग सुट्टीचा पहिला अर्धा दिवस घरी पोचण्यात आणि शेवटचा अर्धा परत येण्यात जातो, तेही स्टाफ तिकिटावर, जागा मिळाली तर, आणि चौघांत भाड्याची खोली, जिथे कुणी झोपायला आलं की कुणी ड्युटीला उठलंय. थकून ड्युटीवर जाणारा पायलट झालास तर विमान कुठलंही असो उपयोग नाही. दुसरी घेतलीस तर राहायलाच तिकडे जा. ते शक्य नसेल, घरी कुणाला तुझी रोज गरज असेल, तर पहिली घे आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नको.

बॉण्डला घाबरायचं नाही, वाचायचा. रक्कम दर महिन्याला कमी होते की तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत तेवढीच राहते? मेडिकल गेलं तर माफ आहे का? त्यांनीच कामावरून काढलं तर, कंपनी बंद पडली तर? तीन वर्षं ट्रेनिंग सुरू झाल्यापासून मोजतात की लाइनवर सोडल्यापासून, यात सहज पाच-सहा महिन्यांचा फरक पडतो. वकिलाला दाखव, एका बैठकीचं काम आहे.

आणि मोठी आहे म्हणजे बुडणार नाही असंही नाही. पॅन ॲम १९९१मध्ये बंद झाली, जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये थांबली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनची थॉमस कुक, आणि गो फर्स्ट मे २०२३मध्ये. पगार वेळेवर होतोय का आणि भाड्याच्या विमानांचे हप्ते जातायत का, लाइनवरच्या लोकांना हे सगळ्यात आधी कळतं, विचारून घे.

तुझ्या जागी मी असते तर दुसरी घेतली असती, पण तिकडे राहायला जायची तयारी असेल तरच, आणि घेतली असती तर आठव्या दिवसाची वाट बघितली नसती, बॉण्ड वाचून झाला की लगेच सही आणि मिळेल ती सगळ्यात लवकरची बॅच.

प्रश्न: मी एका एअरलाइनमध्ये महिनाभरापूर्वी जॉइन झाले, सिम ट्रेनिंग अर्ध्यावर आहे, आणि मला खरी जिथे जायचं होतं तिथून आता फोन आलाय. सोडलं तर वाईट दिसेल का?

उत्तर: थोडं दिसेल, पण तेवढ्यासाठी आयुष्याची ३५ वर्षं चुकीच्या ठिकाणी काढू नको. फक्त क्रम सांभाळ. आधी तिकडून तारखेसकट लेखी पत्र आणि मेडिकल, बॅकग्राउंड चेक सगळं पार पडू दे. मग इकडचा नोटीस पिरियड आणि आत्तापर्यंतच्या ट्रेनिंगची वसुली किती ते काढ, काही देशांत नोटीसचा काळ सरकारी नियमानेच बरेच महिन्यांचा असतो आणि ना हरकत पत्राशिवाय दुसरीकडे घेत नाहीत. मग ट्रेनिंग मॅनेजरला समोरासमोर सांग, ईमेल नंतर. एक दिवस अचानक सिमला न जाणं हे मात्र करायचं नाही, तुझा सिम पार्टनर अडकतो, त्याचं पूर्ण शेड्यूल मागे पडतं, आणि हे क्षेत्र फार लहान आहे ग, तोच उद्या तुझ्या शेजारच्या सीटवर असेल. आणि जमलं तर सुरू असलेलं टाइप रेटिंग पूर्ण करून जा, अर्धवट सोडलेलं रेटिंग पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत समजावत बसावं लागतं.

प्रश्न: माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत, छोट्या एअरलाइनमध्ये कॅप्टन. आता मोठ्या कंपनीची ऑफर आहे पण फर्स्ट ऑफिसर म्हणून, पगार सुरुवातीला बराच कमी. ते काही बोलत नाहीत, नुसते रात्री जागे असतात. मी काय सांगू त्यांना?

उत्तर: तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, कारण हा निर्णय घरातल्या दोघांचा आहे आणि बरेच पायलट तो एकट्याने घ्यायला बघतात.

हिशेब सोपा आहे, बसून करता येतो. आंतरराष्ट्रीय नियमाने व्यावसायिक उड्डाणात पायलटला ६५पर्यंत उडता येतं, २००६पर्यंत ती मर्यादा ६० होती. म्हणजे त्यांच्याकडे २४ वर्षं आहेत. मोठ्या कंपनीच्या यादीत वरच्यांची वयं काय आहेत ते तिथल्या लोकांकडून कळू शकतं, पुढच्या दहा वर्षांत किती जण ६५ गाठतात ते मोजा, म्हणजे नवीन विमान एकही आलं नाही तरी हे किती वर येतील ते दिसेल. सात-आठ वर्षांत परत कॅप्टन होत असतील तर पुढे १६-१७ वर्षं मोठ्या पगाराची उरतात. बारा-तेरा वर्षं लागणार असतील तर मी जपून विचार करीन, आणि मध्ये कंपनी दुसरीत विलीन झाली तर यादीचं काय होईल हेही धरून चालीन, यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५मध्ये एकत्र आल्या तेव्हा दोन्हीकडच्या पायलटांच्या यादीचं भांडण दहा वर्षांच्या आसपास चाललं.

दुसरं, मेडिकल. चाळिशीनंतर लायसन्स आजारपणाने जाण्याची भीती खरी असते. मोठ्या कंपनीत लायसन्स गेलं तर मिळणारा विमा किती, तो जॉइनिंगच्या दिवसापासून लागू होतो की वर्षाने, आणि सध्याच्या कंपनीत काय आहे, हे शेजारी शेजारी लिहा. पगारातला खड्डा तुमचं घर दोन वर्षं कसं भरून काढेल तेही तुम्ही दोघांनी त्याच कागदावर लिहा.

आणि रात्री जागे असतात म्हणालात. पैशाचं असेलही, पण मला वाटतं त्यांना उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या, सीटवर परत बसायचं जड जातंय. १० वर्षं निर्णय स्वतः घेतल्यावर आपल्याहून लहान कॅप्टनला 'चेक' म्हणायचं, हे सोपं नाही हो, मी अशा फर्स्ट ऑफिसरांबरोबर उडलेय, पहिले काही महिने त्यांचा हात आपोआप थ्रस्ट लिव्हरकडे (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याकडे) जायचा. पगाराच्या आधी त्यांना हेच विचारा, आणि ज्या दिवशी दुसऱ्या दिवशी ड्युटी नसेल त्या दिवशी विचारा.