मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चित्रातलं काही कळत नाही. विद्यापीठात येणाऱ्या कलाकाराच्या व्याख्यानाला जाऊन माझ्या हाती काही लागेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या विद्यापीठाच्या कलादालनात सध्या एक प्रदर्शन लागलंय, पुढच्या आठवड्यात त्याच कलाकाराचं व्याख्यान आहे, आणि जावंसं वाटतंय पण तिथे अवघडून बसावं लागेल अशी धास्ती आहे.

जा. फक्त व्याख्यानाच्या आधी एकदा प्रदर्शन एकट्याने पाहून या. उत्तर एवढंच आहे, पण मला ते उशिरा आणि थोडं नुकसान करून घेऊन समजलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी रसायनशास्त्राची. आमच्या प्रयोगशाळेतून ग्रंथालयात जायच्या वाटेवरच कलादालन होतं. पहिली दीड वर्षं मी त्याच्या दारावरून रोज गेले, आत पाऊल टाकलं नाही. आत जायचं तर आधी थोडी समज असायला हवी, असं मनाने घेतलं होतं. मग एकदा मैत्रिणीच्या आग्रहाने एका पाहुण्या चित्रकाराच्या व्याख्यानाला गेले. ते फार छान बोलले. लहानपणीचं घर, पुरात खचलेली एक भिंत, ती भिंत पुढे त्यांच्या चित्रांत कशी येत राहिली, असं सगळं. व्याख्यान संपल्यावर आम्ही दालनात गेलो तर मला प्रत्येक चित्रात ती भिंतच दिसायला लागली. कानांनी ऐकलेलं डोळे शोधत होते आणि सापडलं की पुढच्या चित्राकडे जात होते. रात्री आठवायला बसले तर एकाही चित्रातला रंग धड आठवेना. त्यांची वाक्यं मात्र पाठ झाली होती. ती चित्रं मी पाहिलीच नव्हती हे तेव्हा लक्षात आलं, आणि प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उतरलं.

पुढच्या सत्रात छापचित्रांचं प्रदर्शन लागलं. चित्रकर्तीचं व्याख्यान तीन दिवसांनी होतं. या वेळी मी आधी गेले, दुपारी, दालनात कुणी नसताना. एका मध्यम आकाराच्या छापचित्रासमोरच्या बाकावर बसले आणि उठायचं नाही असं ठरवलं. पहिली पाच मिनिटं नुसती चुळबुळ झाली. मग हळूहळू दिसायला लागलं. चित्राच्या चारी बाजूंनी कागद आत दबलेला होता, जणू कुणी चौकोनी पत्रा त्यावर जोरात दाबून उचलला असावा. खाली समासात पेन्सिलने ७/२५ लिहिलेलं. काही रेघा काजळासारख्या गडद, काही केसासारख्या पुसट, आणि एका कोपऱ्यात शाईचा हलका धूसर पडदा. शेजारच्या पट्टीवर लिहिलं होतं : एचिंग, तांब्याचा पत्रा.

तांब्याचा पत्रा वाचल्यावर मी सरळ होऊन बसले, कारण आता विषय माझा होता. तांबं फेरिक क्लोराइडमध्ये खाल्लं जातं हे मला माहीत होतं. मग रेघा गडद आणि पुसट कशा? शाई दोन प्रकारची वापरली, की पत्रा द्रावणात कमीजास्त वेळ ठेवला? पण सगळ्या रेघा एकाच पत्र्यावर आहेत, मग एकीला जास्त वेळ आणि दुसरीला कमी, हे कसं जमवलं?

हाच प्रश्न मी व्याख्यानानंतर विचारला, आवाज कापत असताना. त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या की याचं उत्तर द्यायला मला आवडेल. मग एचिंग कसं करतात ते दहा मिनिटं सांगत होत्या. पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने तो खरवडत चित्र काढायचं आणि पत्रा द्रावणात सोडायचा. उघडं पडलेलं तांबं तेवढं खाल्लं जातं. थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढून धुवायचा, ज्या रेघा पुसट हव्यात त्या वॉर्निशने बुजवायच्या आणि पत्रा पुन्हा आत. रेघ जितका जास्त वेळ उघडी, तितकी खोल. जितकी खोल, तितकी शाई धरणारी. मग पत्रा शाईने माखून कापडाने पुसायचा, शेवटी तळहाताने, आणि ओलसर कागदावर दाबयंत्रातून काढायचा. कोपऱ्यातला धूसर पडदा मुद्दाम न पुसलेल्या शाईचा होता. ७/२५ म्हणजे पंचवीस छापांच्या आवृत्तीतला सातवा. पुसण्यात हात आला की सातवा आणि आठवा अगदी तंतोतंत सारखे निघत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. आता त्या गडद रेघांत मला वेळ दिसत होता : ही रेघ शेवटपर्यंत उघडी राहिली, ही पहिल्याच खेपेला बुजवली. पण आधी स्वतः पाहून ठेवलेलं जागेवर होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्याने काय भर पडली आणि माझं स्वतःचं काय होतं, हे वेगळं ओळखता आलं. मला आजही यासाठीच आधी पाहणं महत्त्वाचं वाटतं. काहीजण उलट सल्ला देतात, की आधी ऐका म्हणजे चित्र 'समजेल'. मला तो पटत नाही. ऐकलेलं विसरून कोऱ्या नजरेने पाहणं फार अवघड, पाहिल्यावर ऐकणं मात्र सोपं.

किती वेळ पाहायचं? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रेक्षकांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंद किंवा त्याहून कमी. त्या मानाने हार्वर्डमध्ये कलेचा इतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स यांचा परिपाठ पाहा : त्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसायला सांगतात. हा प्रयोग त्यांनी स्वतःवरही केला. जॉन सिंगलटन कॉप्लीने १७६५ साली काढलेलं, पाळलेल्या उडत्या खारीला साखळीने धरून बसलेल्या मुलाचं चित्र त्या पाहत बसल्या. मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटाजवळच्या केसांच्या झालरीसारखाच आहे, हे लक्षात यायला नऊ मिनिटं लागली. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर खालच्या पाण्याच्या पेल्याच्या रुंदीएवढं आहे, हे एकवीस मिनिटांनी. मागच्या पडद्याच्या चुण्यांत मुलाच्या कानाचे आणि डोळ्याचेच आकार आहेत हे दिसायला पाऊण तासाच्या वर. यातलं काहीही दिसायला चित्रकलेचं शिक्षण लागत नाही, बसून राहावं लागतं. तीन तास राहू द्या, तुम्ही एका चित्राला वीस मिनिटं द्या. बाकीची चित्रं चालता चालता पाहिली तरी हरकत नाही.

दालनात उजेड कमी वाटला तर तो निष्काळजीपणा समजू नका. कागदावरची कामं, म्हणजे जलरंग, रेखाटनं, छापचित्रं, उजेडाने कायमची फिकी पडतात. म्हणून त्यांच्यावरचा प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. तैलरंगांना २०० पर्यंत चालतो. डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. मी नंतर स्वयंसेवक म्हणून चित्रं टांगायला मदत करायला लागले, तेव्हा आणखी एक गोष्ट शिकले : चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं मोजून लावतात, म्हणजे ते सरासरी माणसाच्या नजरेसमोर राहतं. एखादं चित्र त्याहून बरंच खाली किंवा वर लावलेलं दिसलं, तर ते कुणीतरी विचार करून लावलेलं असतं. तिथे थोडं थांबून पाहा. चित्रं टांगायला माणसं हवीत का, असं दालनात जाऊन जरूर विचारा. भिंतीवर जाण्याआधी चित्र हातात धरल्यावर त्याचं वजन आणि पाठीमागची बाजू कळते, आणि ती मजा प्रेक्षकाला मिळत नाही.

विद्यापीठातल्या प्रदर्शनाचं मला सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते या परत परत जाता येण्याचं. मोठ्या संग्रहालयात माणूस दिवस काढून जातो आणि सगळं उरकून येतो. इथे दोन तासिकांच्या मधे दहा मिनिटं जाऊन येता येतं. विद्यापीठ आणि कलेचं हे नातं जुनं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं ॲशमोलियन संग्रहालय १६८३ साली उघडलं. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांचं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प १९३८ पासून झाडांमध्ये उघड्यावर उभं आहे, आणि हिंदी भवनाच्या भिंतींवर विनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये रंगवलेले मध्ययुगीन संत आहेत. अमेरिकेतल्या ओबरलिन महाविद्यालयाने तर १९४० पासून विद्यार्थ्यांना अस्सल चित्रं सत्रभरासाठी खोलीत लावायला नेऊ दिली. एलन जॉन्सन नावाच्या कलेतिहासाच्या अभ्यासक बाईंची ती कल्पना. सकाळी उठल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री, आजारी असताना एकच चित्र दिसत राहणं म्हणजे काय, याचा विचार केला की मला त्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटतो.

आता व्याख्यानाबद्दल. सगळीच व्याख्यानं चांगली होत नाहीत. काही कलाकार पडद्यावर आपल्या प्रदर्शनांची यादी दाखवतात आणि वेळ संपते. काहींना बोलणं जमत नाही, पण त्यांची कामं अप्रतिम असतात. तेव्हा एका कंटाळवाण्या व्याख्यानावरून चित्रांबद्दल मत बनवू नका. प्रश्नोत्तरांना मात्र थांबा. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न चुकीचा नाही, पण कलाकाराने त्याचं उत्तर शंभरदा दिलेलं असतं आणि तुम्हालाही तेच तयार उत्तर मिळतं. त्याऐवजी तुम्ही पाहिलेल्या एका ठरावीक गोष्टीवर बोट ठेवा. अमुक चित्रात डावीकडचा भाग रिकामा सोडलाय, तिथे आधी काही होतं का? हे काम कुठे अडलं होतं? झालं, आता हात लावायचा नाही, हे कधी ठरवलंत? तुम्ही अभियांत्रिकीचे, तर सांध्यांबद्दल विचारा, भार कसा पेलला ते विचारा. धातूच्या एका टांगत्या शिल्पाबद्दल स्थापत्यशाखेच्या एका मुलाने असाच प्रश्न विचारला होता, तेव्हा व्यासपीठावरच्या शिल्पकाराने खडू घेऊन फळ्यावर सगळा हिशोब मांडला. त्या दिवशी कलाशाखेची मुलंही वही काढून लिहून घेत होती.

माझ्या सल्ल्याला एक अपवाद आहे. कधी व्याख्यान हेच काम असतं, तेव्हा आधी पाहायला काहीच नसतं. जर्मन कलावंत योसेफ बॉइस १९७४ मध्ये अमेरिकेत व्याख्यानं देत फिरला. तो बोलता बोलता फळ्यावर आकृत्या काढत असे, आणि शिकागोतल्या व्याख्यानात रेखाटलेला फळा आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जपलेला आहे. अशा वेळी पुढच्या रांगेत बसा आणि बोलणाऱ्याचे हात पाहा.

पाहुणे कलाकार बहुधा एखादा दिवस जास्त थांबतात, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांची कामं पाहतात, कधी प्रात्यक्षिक देतात. बाहेरच्या विभागातल्यांना तिथे बसू देतात का, हे दालनातल्या माणसांना आधीच विचारून ठेवा. मला दोनदा होकार मिळाला, एकदा नकार.

आणि व्याख्यान संपलं की लगेच दाराकडे धावू नका. सत्कार वगैरे आटोपल्यावर कलाकार बरेचदा एकदा आपल्या प्रदर्शनातून फिरून येतो, तेव्हा गर्दी पांगलेली असते. ज्या चित्राला तुम्ही वीस मिनिटं दिलीत त्याच्यापाशी उभे राहा. माझ्या वेळी त्या चित्रकर्ती आपणहून शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मलाच विचारलं, की तुला इथे आधी काय दिसलं होतं?