बागकामाचा छोटा व्यवसाय आहे. झाड मेलं की ग्राहक पैसे परत मागतात, काय करू?

लगेच पैसे देऊ नका, वादही घालू नका. आधी झाड कुंडीतून काढून मुळं त्यांच्यासमोरच बघा. ती तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वासाची असतील तर पाणी जास्त झालंय. बाल्कनीतली कितीतरी झाडं अशीच जातात, कारण घरातले सगळेच मायेने आपापल्या वेळी पाणी घालतात. पण तुम्ही भरलेल्या मातीतच निचरा नसेल, तर झाड बिनतक्रार बदलून द्या.

पुढच्या वेळी महिन्याला किती फेऱ्या, खत-माती कोणाची, झाड किती दिवसांपर्यंत बदलून मिळेल, हे व्हॉट्सॲपवर लिहून आधीच होकार घ्या. मजुरी आणि सामानाचं बिल वेगळं. आणि सावलीच्या बाल्कनीत गुलाब मागितला तर स्पष्ट नाही म्हणा. त्याला रोज 5-6 तास ऊन लागतंच.