'वहिनी, तुम्ही बसा'

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच. ग्रामसभेत बोलायला उभी राहिले की मागून कोणीतरी म्हणतं, 'वहिनी, तुम्ही बसा, भाऊंना बोलू द्या.' मग माझे यजमानच बोलतात. काय करू?

उत्तर : ताई, सरपंच झाल्यावर पहिल्या वर्षी मीही अशीच बसले होते. विषय पाण्याच्या टाकीचा, हिशेबाचा कागद माझ्या हातात, आणि बोलला माझा दीर. त्या रात्री झोप लागली नाही.

यजमानांशी घरीच बोला, सभेच्या आदल्या दिवशी. 'तुम्ही गावकऱ्यांत बसा, खुर्चीजवळ नको.' सभेत सगळ्यांसमोर अडवलं तर विषय टाकीचा राहत नाही, नवरा-बायकोचा होतो.

1958च्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा सांगितली आहे. आमच्याकडे ती सहीपुरती व्हायची. मी ती संध्याकाळी, बाया निंदणाहून परतल्यावर, अंगणवाडीच्या ओट्यावर घेतली. नळाचं तिथंच ठरलं. ग्रामसभेत माझ्याआधी पाच जणी बोलल्या, मला फक्त पुढं न्यायचं होतं.

सुरुवात आकड्यानं करा. 'पाण्याचा त्रास आहे' म्हटलं की गलका होतो. 'वरच्या वस्तीतल्या 42 घरांना चौथ्या दिवशी पाणी येतं' म्हटलं की माणसं ऐकतात. आणि बोला आपल्या वऱ्हाडीतच, भाषणाची भाषा ओठावर अडकते.

मध्येच कोणी बोललं तर आवाज चढवू नका. ग्रामसभेच्या अध्यक्ष तुम्ही आहात. 'दादा, तुमचं म्हणणं इतिवृत्तात घेते, आधी माझं पूर्ण होऊ द्या,' म्हणा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) तिथंच लिहून घ्या.